सहावा हिस्सा

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घराच्या पीआर कार्डावर, म्हणजे सिटी सर्व्हेच्या मालमत्तापत्रकावर, १९९१ पासून एकच नाव होतं, बाबांचं. २०१९ ला बाबा गेल्यावर वारसानं आई आणि मी लागलो. घरपट्टी आईच्या नावानं यायची, लाईटबिल अजून आजोबांच्याच नावानं चालू होतं, आणि घर आमचं आहे याबद्दल गल्लीत कुणाला शंका नव्हती. घर विकायला काढलं तेव्हा समजलं, की कायद्यानं त्यातला माझा हिस्सा सहावा.

मी आता जर्मनीत असते. लोक विचारतात, व्हिसाला फार त्रास झाला का? व्हिसाचं सगळं सांगायला पाच मिनिटं पुरतात. घराचं सांगायला बसावं लागतं.

व्हिसाचं आधी उरकते. मी मापं तपासणारी इंजिनिअर. विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात सीएमएम मशीनवर मायक्रॉनमधली मापं घ्यायची, बसली तर माल पुढं, नाहीतर बाजूला. फौंड्री आणि मशीन शॉपच्या जिवावर चालणाऱ्या बेळगावात हे काम जाणणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीनं व्हिडिओवर मुलाखत घेऊन ऑफर दिली. ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना, त्याला पगाराची अट असते. इंजिनिअरसारख्या टंचाईच्या व्यवसायांना २०२५ साठी ती वर्षाला ४३,७५९ युरो ८० सेंट होती. पदवीचं विद्यापीठ त्यांच्या ‘अनाबिन’ यादीत आहे का ते बघतात. आमचं व्हीटीयू त्यात होतं, आणि ते बेळगावातच, मच्छेला, त्यामुळं मार्कांचे कागद आणायला रिक्षाचंच भाडं गेलं. अर्ज ऑनलाइन, मग राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूरला जाऊन बोटांचे ठसे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही, म्हणून नवराही सुटला. एकदाच शंका निघाली: माझ्या पासपोर्टावर जन्मगाव ‘बेलगाम’ आणि जन्मदाखल्याच्या नव्या प्रतीवर ‘बेळगावी’. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, गाव तेच, असं एक ओळीचं पत्र दिलं. चाललं.

आईचं मात्र एका ओळीत सुटण्यासारखं नव्हतं. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांनाही नेता येतं, असा नियम जर्मनीनं केलाय. कागदावर चांगला आहे. पण त्यांचा खर्च आणि आरोग्यविमा आपण दाखवायचा, आणि सदुसष्ट वर्षांच्या, साखर असलेल्या बाईला तिथला पुरेसा विमा मिळवणं म्हणजे काय ते मी चौकशी करून बघितलं. आईनं तो प्रश्नच निकालात काढला.

“मी येत नाही बघ. तिथं भाजीवाल्याशी बोलायला मला दुभाषा लागणार.”

मग ती एकटी त्या घरात राहणार का? घर मोठं. पुढं सोपा, म्हणजे ओसरी, त्यात आजोबांच्या हातमागाचा खड्डा, वर फळ्या टाकलेल्या. मधलं घर, स्वयंपाकघर, माडी, परसात आड. मंगलोरी कौलं दर मेमध्ये चाळून घ्यावी लागायची, आणि कौलांवर चढणारी माणसं आता शोधून सापडत नाहीत. चार महिन्यांचा बेळगावचा पाऊस, माडीचा शिडीसारखा जिना आणि आईचे गुडघे. म्हणून ठरलं: घर विकायचं, अनगोळच्या बाजूला लिफ्ट असलेला छोटा फ्लॅट आईसाठी घ्यायचा, आणि मग मी निघायचं. मी घर विकून परदेशी गेले असं नातेवाईक म्हणतात. खरं तर घराचा एक पैसाही समुद्रापलीकडं आला नाही.

गिऱ्हाईकं लगेच आली. शहापूरचा जागेचा भाव, त्यात नाथ पै चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या गिऱ्हाइकानं सोप्यात बसून सांगितलं, निम्मे चेकनं, निम्मे रोख. दुसऱ्यानंही तेच, फक्त रोख थोडी जास्त. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं. तशी घेतली असती तर तिचं केलं काय असतं? फ्लॅटवाल्या बिल्डरला चेक पाहिजे. बँकेत भरली की आयकरवाले विचारणार. पिशवीत भरून आईच्या कपाटात ठेवायची आणि मी जर्मनीत रात्रभर जागी राहायचं?

तिसरं गिऱ्हाईक बैलहोंगलचं. कापडाचा व्यवसाय, घरात कन्नड, बायकोचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं, कारण ती खासबागेत वाढलेली. ते बँकेचं कर्ज काढणार होते, म्हणजे सगळा व्यवहार चेकनं. आम्ही हो म्हटलं आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. एक काका, ज्यांचा मी आदर करते, संध्याकाळी येऊन म्हणाले, “आपलं घर आपल्या माणसाला दिलं असतंस तर बरं झालं असतं गे.” सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, काका १ नोव्हेंबरच्या फेरीला दरवर्षी काळी फीत लावून जातात. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. मी त्यांना म्हटलं, आपली दोन माणसं येऊन गेली की काका, निम्मे काळे मागत होती. त्यावर त्यांनी चहा संपवला आणि विषय पावसाचा काढला. माझं मत अजून तेच आहे: मराठीपण टिकवायचं ओझं एका विधवेच्या खरेदीखतावर टाकू नये.

बँकेचं कर्ज म्हणजे बँकेच्या पॅनेलवरचा वकील. घराची खरी गोष्ट तिथं सुरू झाली.

वकिलांनी मागच्या तीस वर्षांचे कागद मागितले. ईसी, म्हणजे जागेवर काय बोजा आहे त्याचा दाखला, २००४ पासूनचा ऑनलाइन निघतो. त्याआधीचा हातानं शोधून. पीआर कार्डाचा सगळा इतिहास. आणि मूळ खरेदी. मूळ खरेदी १९४६ ची. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. बेळगाव शहर इंग्रजांचं, आणि कपिलेश्वराच्या अलीकडं-पलीकडं दोन राज्यं. कागद संस्थानच्या मुद्रांकावर, मोडीत. घरात कुणाला वाचता येत नव्हता, पण बाबांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी डब्यात घालून ठेवला होता. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक सापडले. त्यांनी देवनागरीत उतरवून दिला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आजोबांनी घर एका विणकराच्या विधवेकडून घेतलं, माग आणि मागाच्या सामानासकट. चारही सीमांना कोण राहतं ते लिहिलेलं. त्यातल्या दोन घराण्यांची माणसं अजून तिथंच आहेत.

१९४६ चा कागद मोडीत, त्यानंतरच्या सिटी सर्व्हेच्या नोंदी मराठीत, पुढच्या कन्नडमध्ये. आमचं आडनाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं. त्यासाठी एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. हे इकडं इतकं नेहमीचं आहे, की बाँड रायटरकडं त्याचा मजकूर तयारच असतो, नावं भरायची तेवढी.

कागद वाचून वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला. “आजोबांना मुली किती?”

दोन. निपाणीची आत्या थोरली, गडहिंग्लजची धाकटी. १९९१ ला आजोबा गेले तेव्हा दोघींनी म्हणे सांगितलं, आम्हाला काही नको, भावाच्या नावावर करा. वर्दी, म्हणजे वारसाची खबर दिली, बाबांचं नाव लागलं, विषय मिटला. आमच्या घरात अशी समजूत होती, की २००५ चा कायदा नंतर आला, तोवर मुलींचा हक्कच नव्हता. वकिलांनी ती समजूत काढून टाकली. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीबद्दल. कर्नाटकात तर तसा हक्क १९९४ पासूनच होता. पण हे घर वडिलोपार्जित नाहीच. आजोबांनी स्वतः घेतलं आणि मृत्युपत्र न करता गेले. अशा मिळकतीत मुलीला मुलाएवढाच वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. पीआर कार्डावर नाव लागणं म्हणजे मालकी बदलणं नव्हे. आणि तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही. त्याला नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं.

त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. आजोबांनंतर आजी, बाबा, दोन आत्या, प्रत्येकी पाव. २००३ ला आजी गेली, तिचा पाव तिघांत. म्हणजे बाबा एक तृतीयांश, निपाणीची आत्या एक तृतीयांश, गडहिंग्लजची आत्या एक तृतीयांश. बाबांच्या तिसऱ्या वाट्यात आई आणि मी.

आई म्हणाली, “काय तरी सांगुलाय तो वकील.” मग रात्री जेवताना म्हणाली, “वन्संना काय नको हाय. त्या सही देतील.”

मी आणि आई निपाणीला गेलो. आत्याचं वय शहात्तर, फूलवातीएवढी बाई, तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरात सगळं आयुष्य गेलेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, भज्यांची बशी पुढं केली आणि म्हणाली, “सही करतो की. कुठं करायची सांग. पण माझा वाटा मी घेणार.”

आईच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

“तेव्हा तुम्हीच म्हणालात की वन्सं, काय नको म्हणून.”

“तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं. तेराव्याला कागद आला, हितं अंगठा कर म्हणाले. मला लिहाय-वाचाय येतंय, अंगठा का म्हणून इचारलं तर तुझा दादा हसला.” हे शेवटचं माझ्याकडं बघून. दादा म्हणजे माझे बाबा.

परतताना बसमध्ये आई बोलली नाही. घरी आल्यावर बोलली ती तीन पिढ्यांचं. दरवर्षी गौरीला साडी केली, बाळंतपणं केली, त्यांच्या मुलाच्या मुंजीला सोनं घातलं, हे कुणी मोजायचं? प्रश्न खरा होता. पण उत्तर माझ्या मते असं होतं, की साडी-चोळी हा वाट्याचा हप्ता नव्हता. तो माहेरपणाचा भाग होता, आणि माहेरपण दिलं म्हणून माहेरची भिंत आपली होत नाही. मी हे आईला इतकं नीट सांगितलं नसणार. आमचं भांडण झालं. पहिल्या गिऱ्हाइकाचा माणूस मधेच येऊन सांगून गेला होता, सह्याबिह्या कशाला, नाव तुमच्या दोघींचंच आहे, आम्हाला चालतंय. आईचं एक मन त्या वाटेकडं होतं. माझंही असतं कदाचित, पण रोज मायक्रॉन मोजणाऱ्या बाईला ‘चालतंय’ हा शब्द ऐकवत नाही.

आता धाकट्या आत्याचा वाटा. ती २०१६ ला गेली, तिचे यजमान, आमचे मामा, तेही आधीच गेलेले. तिला दोन मुलं: मुलगी, आमची ताई, कोल्हापुरात, मुलगा, त्यालाही मी दादाच म्हणते, दुबईत. ताई लगेच तयार. दादाही तयार, पण तो अनिवासी. विकणाऱ्यांत एक जरी अनिवासी असला तरी घेणाऱ्याचं काम वाढतं. निवासी माणसाला पैसे देताना, व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर एक टक्का कर कापायचा आणि पॅनवर भरायचा, संपलं. अनिवासी असेल तर एक टक्का चालत नाही. दीर्घकालीन नफ्याचा १२.५ टक्के कर, वर अधिभार आणि उपकर, शिवाय २०२५ ला तरी घेणाऱ्यानं टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढायचा, तिमाही विवरणपत्र भरायचं. बैलहोंगलच्या शेटजींनी हे ऐकून डोक्याला हात लावला. शेवटी दादानंच तोड काढली: आपला सहावा हिस्सा त्यानं बहिणीला हक्कसोडपत्रानं दिला. त्यासाठी दुबईच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र कुरिअरनं आलं. परदेशात केलेल्या अशा कागदाला तो भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक लावून घ्यायचा असतो, हे लक्षात ठेवण्यासारखं. भावाबहिणीचं आपसातलं त्यांनी त्यांचं बघितलं; मी विचारलं नाही.

निपाणीच्या आत्याला पॅन कार्डच नव्हतं. आयुष्यात कधी लागलं नव्हतं. आधारवरून ऑनलाइन पॅन लगेच निघतं, पण ओटीपी जायचा तो तिच्या नातवाच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमवर. आधी आधारचा मोबाईल बदला, मग पॅन, मग बँकेत तिच्या एकटीच्या नावानं खातं. खातं संयुक्त काढूया असं तिच्या मुलानं सुचवलं. आत्या म्हणाली, “एकटीचं.”

कराचं थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्यासारखे जुनी घरं विकणारे बरेच आहेत आणि परदेशी जायची तारीख यात फार महत्त्वाची ठरते. वारशानं आलेल्या, २००१ च्या आधी घेतलेल्या घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभावानं किंमत धरता येते. ती मान्यताप्राप्त मूल्यमापक काढून देतो, आणि त्या वेळच्या सरकारी मुद्रांक दरापेक्षा जास्त धरता येत नाही. आमचा मूल्यमापक मागाच्या खड्ड्यात उतरून टेप लावून बसला होता. सागवानी खांब त्यानं बोटानं वाजवून बघितले. २३ जुलै २०२४ पासून नफ्यावर कर १२.५ टक्के, महागाईची वजावट न धरता. पण त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-घराला निवासी माणसाला दुसरी वाटही ठेवली आहे: २००१ ची किंमत महागाई निर्देशांकानं वाढवायची, २०२५-२६ साठी ३.७६ नं गुणायचं, आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्के. दोन्ही करून बघायचं, कमी येईल ते भरायचं. ही दुसरी वाट अनिवासींना नाही.

म्हणून सीएंनी मला सांगितलं, “नोकरी नोव्हेंबरपासून आहे ना? मग सप्टेंबर इथंच काढा.” आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की त्या वर्षापुरते तुम्ही आयकराला निवासी. एप्रिल ते सप्टेंबर मोजा, भरतात. मी ऑक्टोबरचं तिकीट काढलं. आई आणि मी आमच्या वाट्याच्या पैशांतून दोघींच्या नावानं फ्लॅट घेतला. घराच्या नफ्यातून घर घेतलं की आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ५४ खाली तेवढ्या नफ्याला कर नाही, मात्र तीन वर्षं ते विकायचं नाही. आत्या आणि ताईनं कर भरायचं ठरवलं.

नोंदणी. महापालिकेचा ई-आस्ती, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा असल्याशिवाय काम पुढं सरकत नाही, आणि त्या उताऱ्यासाठी एका टेबलावर जो वेळ गेला त्याबद्दल मी लिहिणार नाही. खरेदीपत्राचा मसुदा कन्नडमध्ये, ‘कावेरी’ या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर चढवून मंजूर झालेला. संचकाराचा, म्हणजे विसाराचा चेक आधीच सगळ्यांच्या खात्यात वाट्याप्रमाणं पडलेला. फक्त दिवस ठरायचा होता. आईनं अट घातली, गणपती झाल्यावर. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती. या घरातला शेवटचा गणपती, तो व्हावा, गौरी व्हाव्यात, मग काय करायचं ते करा. शेटजी हसून हो म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात बातमी आली, कर्नाटकात नोंदणी शुल्क ३१ ऑगस्टपासून एक टक्क्याचं दोन टक्के. मुद्रांक आणि त्यावरचे उपकर धरून आधीच ५.६ टक्के, त्यावर हे. भरायचं होतं शेटजींना, पण घराच्या किमतीचा एक टक्का म्हणजे लहान रक्कम नाही. त्यांनी फोन केला तो मागणीच्या सुरात नव्हता. “बाई, तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाले. आई गप्प. गणपती सोप्यात बसलेला, पुढं समई.

तेव्हा निपाणीची आत्या तिथंच होती. मीच तिला गौरीसाठी बोलावलं होतं, किती वर्षांनी आली होती. ती म्हणाली, “सही आधी करूया. ताबा गौरी गेल्यावर द्या म्हणावं. देवाला कुणाच्या नावावर घर हाय ते कळत नाही.” आईनं तिच्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं.

सब-रजिस्ट्रार ऑफिसात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या बेळगावानं वाढीच्या आत नोंदणी करायचं ठरवलेलं. बाँड रायटरनं कन्नड खरेदीपत्र आत्याला मराठीत पूर्ण वाचून दाखवलं, अर्धवट नाही. मधे तिनं थांबवून विचारलं, पुढच्या कट्ट्याचं लिहिलंय का. लिहिलं होतं. फोटो, बोटांचे ठसे. मशीनला आत्याच्या बोटांचे ठसे उमटेनात, झिजलेले होते. ओला फडका, परत प्रयत्न, शेवटी उमटले. मग तिनं सही केली, मराठीत, पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. तिथल्या कारकुनानं म्हटलं एवढं लांब नको. ती म्हणाली, “हेच माझं नाव.”

गौरी गेल्या आणि दोन दिवसांत घर रिकामं केलं. याबद्दल लोक फार हळवं लिहितात. आम्हाला वेळ नव्हता. तांब्याचा बंब मोडीवाल्याला, फडताळ शेजाऱ्यांना, मागाच्या लाकडांसाठी वडगावचा एक हातमागवाला येऊन गेला पण लाकूड वाळवीनं खाल्लेलं. देवांचं मात्र सोपं नव्हतं. टाक बाबांच्या चुलतभावाकडं जावेत असं भटजी म्हणाले, कारण मी मुलगी, लग्न झालेली, परदेशी चाललेली. आईनं निम्मं ऐकलं: रेणुकेचा टाक स्वतःच्या पदराखाली ठेवला, बाकीचे दिले. त्यावर कुणी वाद घातला नाही. जातं आत्यानं मागितलं. टेम्पोतून निपाणीला गेलं.

शेटजींच्या बायकोला मी आडाची मोटर कुठनं चालू होते, माडीचं दार पावसाळ्यात फुगतं ते कसं उघडायचं, हे सगळं दाखवलं. ते घर पाडणार आहेत हे तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं. तरी तिनं दार दोनदा उघडून बघितलं.

इथं आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो, आणि घरमालकाचं पत्र लागतं, की ही बाई आमच्याकडं राहते. ते मिळालं तसं बाकीचं सरकत गेलं: कराचा नंबर, बँक, मुलाची शाळा. भाडं दोन प्रकारचं सांगतात, ‘थंड’ म्हणजे नुसत्या घराचं आणि ‘गरम’ म्हणजे हीटिंग-पाण्यासकट. बेळगावच्या माणसाला गरम भाडं ऐकून घाम फुटतो.

माझ्या टेबलाशेजारचा सहकारी घर घेतोय. मी त्याला विचारलं, तीस वर्षांचे कागद बघितलेस का? त्याला प्रश्नच कळला नाही. इथं न्यायालयाच्या ताब्यात जमिनीची वही असते, ग्रुंडबुख म्हणतात. त्यात ज्याचं नाव तो मालक, त्यावर विसंबून घेणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो, आणि मालक मेला की वारसदाखला आणून वारसांची नावं चढवायची. व्यवहार नोटरीसमोरच. मी म्हटलं, आणि बहिणींची नावं? तो म्हणाला, वारस असतील तर असणारच. १९९१ ला असं असतं तर आत्यांची नावं तेव्हाच लागली असती, आणि माझ्या बाबांना हसायला जागा राहिली नसती. मात्र इथल्या नोटरीची फी ऐकून मला आमच्या बाँड रायटरची आठवण आली, तीही खरं.

आत्यानं पैसे निपाणीच्या बँकेत ठेवलेत. नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावायचं विचारलं तर दोन्ही नातींची लावली. मुलगा आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हता, असं ताईनं कोल्हापुरातनं कळवलं. रिटर्न सगळ्यांनाच भरायचं आहे, ३१ जुलैच्या आत, आणि सीएंनी प्रत्येकाची वेगळी फाईल मागितली आहे: खरेदीपत्राची प्रत, कापलेल्या कराचा दाखला, मूल्यमापकाचा अहवाल. परवा व्हिडिओ कॉलवर आईनं फ्लॅटमधल्या कपाटाचा कप्पा उघडून दाखवला. तिची एक फाईल, माझी एक, आणि खाली तिसरी, वर आत्याचं नाव.

“तिचे कागद तुझ्याकडं कसे?”

“मीच आण म्हटलं. तिचा तो नातू सिम सांभाळत नाही, कागद काय सांभाळणार.”